ग्लोबल विपश्यना पॅगोडा
मुंबईच्या उत्तर टोकाला, बोरिवलीसमोर गोराई खाडीपलीकडे असलेला बौद्ध स्तूप. खाडी व अरबी समुद्र यांमधील भूमीवर तो उभा असून त्याचा सोनेरी कळस अलीकडच्या काठावरूनही दिसतो. लोकव्यवहारात त्यास 'बुद्धमंदिर' म्हणतात. ते नेमके नाही. घुमटाखाली गाभारा नसून ध्यानाला बसण्याचे मोकळे सभागृह आहे. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी आपले ब्रह्मदेशी (म्यानमारमधील) गुरू सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांच्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी तो उभारला. उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले.

'पॅगोडा' हा शब्द पोर्तुगीज 'पागोद'वरून आला, एवढे सर्वमान्य आहे. त्यामागील व्युत्पत्ती विवाद्य आहे. धातुगर्भ (पोटात अवशेष असलेला स्तूप) व त्याचे सिंहली रूप दागबा, फार्सी बुतकदा (मूर्तिगृह) आणि भगवती असे तीन पक्ष मांडले जातात. सोळाव्या शतकात हा शब्द मूर्ती, देऊळ व सोन्याचे नाणे या तिन्ही अर्थांनी आढळतो. तो केवळ स्तूपापुरता नव्हता, म्हणून तिसरा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या ग्रंथात साष्टीतील (मुंबईची उपनगरे ज्यावर आहेत त्या बेटावरील) लेण्यांना 'पागोद' म्हटले आहे; म्हणजे या परिसराला हा शब्द नवा नाही.

गोराईच्या स्तूपाचा बाह्याकार म्यानमारमधील यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोडाचा आहे. उंचीही जवळपास त्याच्याइतकीच. अंतर्रचना मात्र वेगळी. श्वेडगॉन भरीव आहे, जसे सांची वा सोपारा येथील स्तूप. गोराईचा स्तूप पोकळ आहे. ऊ बा खिन यांच्या यांगोन येथील केंद्रातील चैत्यात मध्यवर्ती कक्षाभोवती ध्यानकोठड्या आहेत. गोराईचे खरे पूर्वरूप तेथे शोधणे योग्य ठरेल. आतील घुमटाचा व्यास सु. ८५ मी. असून मध्ये एकही खांब नाही; विजापूरच्या गोलघुमटाचा व्यास सु. ३८ मी. भरतो. दगड खाचांनी परस्परांत अडकवून वर्तुळाकार थर रचलेले आहेत, आणि सुमारे आठ हजार साधक एकाच वेळी बसू शकतात.

घुमटाच्या माथ्यावरील मध्यशिलेत २९ ऑक्टोबर २००६ रोजी बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थिअवशेष, ठेवण्यात आले. त्यामुळे साधक धातूंच्या सभोवती नव्हे, तर त्यांच्याखाली बसतात. स्तूपपरंपरेत हे विरळाच. हे धातू मूळचे आंध्रातील भट्टिप्रोलू येथील असल्याचे संस्थेकडून सांगितले जाते. तेथील स्तूपात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर री याला १८९२ मध्ये लेखयुक्त करंडक (अवशेष ठेवण्याच्या डब्या) सापडले. प्राचीन लिपींचा अभ्यासक ब्यूलर याने त्यांवरील ब्राह्मी लेख इ. स. पू. २०० च्या सुमाराचे मानले. काही अभ्यासक ते आणखी अलीकडचे धरतात, आणि अक्षरवटिका (अक्षरांची वळणे) पाहता हा सावधपणा रास्त आहे.

मुख्य सभागृहात साधकांनाच प्रवेश मिळतो. इतरांना काचेआडून आतील भाग पाहता येतो. शेजारच्या धम्मपत्तन केंद्रात दहा दिवसांची शिबिरे भरतात. बोरिवलीहून गोराई जेट्टीवरून होडीने, किंवा भाईंदर–उत्तन रस्त्याने येथे जाता येते.