‘कोरी पाटी’: एका उपमेची पार्श्वभूमी

‘मूल म्हणजे कोरी पाटी’ हे वाक्य शिक्षणाच्या चर्चेत दोन उलट कामांना येते. कोणतेही मूल काहीही शिकू शकते, असा धीर द्यायचा असला की ते पुढे केले जाते. मूल बिघडले तर दोष वाढवणाऱ्यांचा, असे सुचवायचे असले तरीही तेच. दोन्ही वेळा नाव घेतले जाते सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे. पण ज्या परिच्छेदावरून हे सगळे आले, त्यात लॉकने पाटी म्हटलेलेच नाही. मानवी आकलनावरच्या १६९०च्या ग्रंथातला त्याचा शब्द आहे ‘पांढरा कागद’.

पाटी त्याच्या बरीच आधीची. अजून काहीच न लिहिलेला लेखनफलक ही बुद्धीसाठीची उपमा ॲरिस्टॉटलची. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तिचे ‘ताबुला रासा’ झाले. इथे ‘रासा’चा अर्थ नवीकोरी असा नाही, तर घासून सपाट केलेली असा आहे. रोमन काळातला फलक म्हणजे मध्ये खोलगट केलेली लाकडी फळी. त्या खळग्यात मेणाचा पातळ थर असे. लेखणीच्या टोकदार बाजूने लिहायचे आणि चपट्या बाजूने मेण सारखे करायचे. हात जड पडला की टोक मेणातून खाली जाऊन लाकडावर ओरखडा उमटे. मेण केव्हाच नाहीसे झालेल्या फळ्यांवरचे हेच ओरखडे उत्खननानंतर आज वाचले जातात. थोडक्यात, घासलेली पाटी पुरती कोरी होत नसे. आपल्या पाटीला मात्र ओले फडके पुरते. ‘कोरी पाटी’ म्हणताना लिहिलेले सहज पुसता येते, ही जादाची समजूत बहुधा तिथूनच शिरते. कागदाच्या उपमेत ती नाही.

लॉकचा वाद मुळात मुलांविषयी नव्हता. काही तत्त्वे माणूस जन्मतःच मनात घेऊन येतो, हे मत त्याला खोडायचे होते. मनातल्या सगळ्या कल्पना दोनच वाटांनी येतात, असे त्याने मांडले: इंद्रियांनी बाहेरून येणारा अनुभव आणि मनाने स्वतःच्याच व्यवहाराकडे पाहून मिळणारा अनुभव. नीतीच्या दृष्टीने यातला स्फोटक भाग वेगळाच होता. एखादे तत्त्व जन्मजात ठरले की ते तपासायची गरज उरत नाही, आणि ते कोणते हे सांगणाऱ्याच्या हाती इतरांच्या श्रद्धेची दोरी जाते, हे लॉकने स्पष्टच लिहिले. ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नीतिशास्त्रात पक्का होण्यामागे या युक्तिवादाचा वाटा, आमच्या मते, मुलांविषयीच्या उपमेपेक्षा मोठा आहे.

गुंता होतो तो ‘कोरे’ नेमके काय, यावर. लॉकने जन्मजात कल्पना नाकारल्या. जन्मजात क्षमता नाकारल्या नाहीत. आठवणे, तुलना करणे, वेगळे काढणे या शक्ती मनाजवळ असतातच, फक्त कागदावर मजकूर नसतो. हा फरक सुटला की ज्ञानाच्या उगमाविषयीचे विधान स्वभाव आणि कुवत यांविषयीचे विधान होऊन बसते. यात लॉकचा स्वतःचाही हातभार आहे. १६९३च्या शिक्षणविषयक पुस्तकात सुरुवातीलाच तो म्हणतो की दहातली नऊ माणसे जशी असतात तशी शिक्षणामुळे असतात. शेवटच्या परिच्छेदात तो मुलाला पांढरा कागद किंवा हवे तसे घडवता येणारे मेण म्हणतो. पण अधल्यामधल्या पानांत तो बजावतो की मनावर काही ठसे देवानेच उमटवलेले असतात. ते थोडे सुधारता येतात, पार बदलता येत नाहीत, म्हणून आधी मुलाचा कल ओळखा. पुढच्या काळाने पहिले आणि शेवटचे पान उचलले, मधले सोडले. शिवाय ते शेवटचे वाक्य आहे एका मित्राच्या लहानग्या मुलाबद्दल. त्याच्यासाठी लिहिलेल्या पत्रांतूनच ते पुस्तक तयार झाले.

त्या पुस्तकातला अक्षरओळखीचा खेळ पाहिला तर लॉकला काय अभिप्रेत होते ते कळते. हस्तिदंताचा २४ किंवा २५ पैलूंचा चेंडू घ्यायचा. काही पैलूंवर ए, काहींवर बी, काहींवर सी, काहींवर डी चिकटवायचे. सुरुवात या चारच अक्षरांनी, वाटल्यास दोनच. ती पक्की झाली की एकेक वाढवत न्यायचे, शेवटी प्रत्येक पैलूवर एक अक्षर. आधी मोठ्यांनी मुलासमोर पैज लावून खेळायचे. हा मोठ्यांचा खेळ आहे, असे मुलाला वाटले पाहिजे. खेळ झाला की चेंडू मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवून द्यायचा, नाहीतर त्याची गोडी जाते. आणि हे ‘काम’ आहे असा वास जरी आला तरी सगळे फसते. अक्षरांच्या आजच्या ठोकळ्यांत चेंडूचे रूप उरले आहे, ही खबरदारी सहसा उरलेली नाही.

हा चेंडू श्रीमंताघरच्या मुलासाठी होता. १६९७ साली त्याच लॉकने गरिबांविषयीच्या सरकारी प्रस्तावात ३ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी कामाच्या शाळा सुचवल्या: लोकर कातायची आणि खायला पाव, थंडीत फार तर गरम पातळ पेज. कागद दोघांचाही पांढरा, मजकूर मात्र आधीच ठरलेला.

उपमेचा उलटा वापर १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारी इंग्रज लेखिका मेरी वुलस्टोनक्राफ्ट हिने केला. स्त्रियांचे दुबळेपण निसर्गाचे नसून शिकवलेले असेल, तर शिकवण बदलली पाहिजे. त्यासाठी तिने ५ ते ९ वर्षांच्या मुलामुलींची एकत्र, मोफत, सर्व थरांना खुली शाळा मागितली, आणि सगळ्यांना सारखाच पोशाख.

विसाव्या शतकात लंबक दोन्हीकडे झुकला: सगळे उपजत आणि सगळे घडवलेले. १९०५ साली पॅरिसमध्ये ३० कृतींची बुद्धिमापन चाचणी तयार झाली, ती कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल हे हेरण्यासाठी. बुद्धी ही ठरीव, न बदलणारी गोष्ट आहे, या समजुतीला तिच्या कर्त्याचा विरोध होता. तरी चाचणी इतरत्र गेली ती नेमक्या त्याच समजुतीसह. इंग्लंडमध्ये १९४४च्या कायद्यानंतर साधारण ११व्या वर्षी परीक्षा घेऊन मुले वेगवेगळ्या शाळांत वाटली जाऊ लागली. वरच्या शाळेच्या जागा भागागणिक कमीजास्त, त्यामुळे एका गावात ‘हुशार’ ठरणारे मूल शेजारच्या गावात नापास होई. मुलींचे गुण जास्त येत, म्हणून काही ठिकाणी त्यांच्यासाठी पात्रतेची रेषाच वर सरकवण्यात आली. मोजायची होती उपजत कुवत, मोजली गेली बाकांची संख्या.

दुसऱ्या टोकाला एका अमेरिकन वर्तनवाद्याने (मनाऐवजी दिसणारे वागणेच अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने) १९२४ साली, डझनभर निरोगी तान्ही मुले द्या, त्यातल्या कोणालाही वकील किंवा चोर बनवून दाखवतो, असे आव्हान दिले. ‘मी पुराव्याच्या पुढे जातो आहे, हे मला मान्य आहे, पण विरोधकही हेच करत आले आहेत,’ या अर्थाचे त्याचे लगेच पुढचे वाक्य बहुतेक उद्धरणांत गाळले जाते.

यानंतर उपमा मोडीत निघाल्याचे सांगितले जाते ते नवजात बाळांवरच्या प्रयोगांचा हवाला देऊन. १९८० साली ३ दिवसांहून लहान बाळांना चोखणी दिली गेली. चोखण्यातले थांबे बदलले की आईचा किंवा परक्या स्त्रीचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येई. बाळांनी थांबे बदलून आईचा आवाज जास्त मिळवला. पाटी कोरी नसते याचा हा पुरावा म्हणून मिरवला जातो. पण आईचा आवाज कोणी उपजत कल्पना म्हणून घेऊन येत नाही, तो पोटात असताना ऐकलेला असतो. गर्भातच मुलाला इंद्रियांकडून काही मोजक्या कल्पना मिळत असाव्यात, भूक आणि ऊब या बहुधा पहिल्या, हे १६९०च्या त्याच ग्रंथात लिहिलेले आहे.