बंदरावर नेमणूक, जहाजावर मनाई

नागपूरहून समुद्र गाठायचा तर मुंबईच्या बाजूला रेल्वेने आठशे किलोमीटरांच्या वर जावं लागतं, आणि विशाखापट्टणमही काही हाकेच्या अंतरावर नाही. तरी अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेचे कॅडेट बोटी चालवायला शिकतात, आणि त्यांत मुलीही असतात. त्यातली एखादी नेव्हीचा फॉर्म भरते म्हणाली की घरचा पहिला प्रश्न ठरलेला: "जहाजावर राहावं लागते काय?" आईबापांना या प्रश्नावरून हसू नये. जगातल्या बहुतेक नौदलांनी हाच प्रश्न बायकांच्या बाबतीत शे-दीडशे वर्षं चघळला आणि उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच दिलं. नौदलाला बायका चालत होत्या, पण जमिनीवर.

त्याआधी ज्या गेल्या त्या पुरुषाचे कपडे घालून गेल्या. हॅना स्नेल ही इंग्रज बाई जेम्स ग्रे या नावाने मरीन, म्हणजे नौदलाचा सैनिक, म्हणून भरती झाली आणि १७४८ मध्ये थेट आपल्याकडे, पाँडिचेरीच्या वेढ्यापर्यंत आली. १७५० मध्ये मायदेशी परतल्यावर तिने आपण बाई असल्याचं उघड केलं. तिच्या कथेला पुढे बरंच मीठमसाला लावला गेला, पण एक गोष्ट कागदोपत्री आहे: सरकारने तिला पेन्शन दिली. हे पेन्शनचं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

उघडपणे भरती सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात, माणसं कमी पडायला लागल्यावर. अमेरिकेत मार्च १९१७ मध्ये लोरेटा वॉल्श नौदलात कारकुनी कामासाठी रीतसर दाखल झाली. ब्रिटनने त्याच वर्षी नोव्हेंबरात महिलांचं वेगळं नौदल उभं केलं. त्यांना लोक 'रेन' म्हणायचे आणि त्यांचं गमतीतलं ब्रीद होतं, 'समुद्रावर कधीच नाही'. स्वयंपाक, टंकलेखन, तारा, सांकेतिक संदेश अशी कामं बायकांनी करायची, म्हणजे तेवढेच पुरुष जहाजावर मोकळे. १९१९ मध्ये युद्धाची गरज संपली तसं दलही गुंडाळलं. १९३९ मध्ये पुन्हा उभं केलं आणि १९४४ पर्यंत त्यात सत्तर हजारांहून जास्त बायका होत्या. गरज पडली की बोलवायचं आणि सरली की घरी पाठवायचं, हा रिवाज तिथे पडला आणि वसाहतींतही आला.

आपल्याकडे १९४२ मध्ये महिला सहाय्यक दल निघालं. सेना, हवाईदल आणि नौदल या तिन्हींसाठी त्याच्या मुली काम करत. त्यातूनच नौदलाची शाखा वेगळी झाली: वुमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस. कामं तीच, किनाऱ्यावरची. या दलाचा सगळ्यांत ओळखीचा फोटो ३ जून १९४५ चा आहे, स्कॉटलंडच्या रोसाइथ बंदरातला. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन आपल्या वरिष्ठ इंग्रज अधिकारी मार्गारेट कूपर यांच्यासोबत उभ्या आहेत. ब्रिटनला भेट देणाऱ्या हिंदी सेनादलांतल्या या पहिल्या बायका, आणि कल्याणी सेन यांचा गणवेश म्हणजे साडी. तिकडच्या महिला दलाचं प्रशिक्षण आणि कारभार कसा चालतो ते पाहायला त्या दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. मुलींनी पुरुषांच्या बरोबरीने काम करण्याविरुद्ध आपल्याकडे अजून मोठा पूर्वग्रह आहे, पण भरतीला उत्सुक असलेल्या मुलीच तो मोडत आहेत, अशा अर्थाचं कल्याणी सेन तिथे बोलल्या होत्या. १९४५ मध्ये हे बोलायला हिंमत लागत असणार.

या मुली आणखी एका ठिकाणी इतिहासाला ओझरत्या भेटतात. फेब्रुवारी १९४६ च्या नौदल उठावाची ठिणगी मुंबईच्या 'तलवार' या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात पडली. तिथला इंग्रज कमांडर किंग याने खलाशांना वंशावरून घाणेरड्या शिव्या दिल्या, हे उठावाच्या प्रत्येक वर्णनात येतं. त्याआधी बराकीतल्या खलाशांनी समोरून जाणाऱ्या महिला दलातल्या मुलींवर शेरेबाजी केली होती आणि किंग त्यावरून भडकला होता, हा भाग मात्र सहसा गाळला जातो. खलाशांची बाजू न्यायाची होती, म्हणून त्या मुलींचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. पुढे दलच बरखास्त झालं.

स्वतंत्र भारताने तर दाराला कायद्याचंच कुलूप लावलं. नौदल कायदा, १९५७ च्या कलम ९(२) प्रमाणे स्त्री नौदलात नेमणुकीस पात्र नाही. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ज्या शाखा सांगेल तेवढाच अपवाद. वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर ही अधिसूचना निघायला चौतीस वर्षं लागली. ९ ऑक्टोबर १९९१ रोजी ती निघाली आणि लॉजिस्टिक्स, कायदा व शिक्षण या शाखा उघडल्या. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनने आपल्या बायकांना लढाऊ जहाजांवर पाठवायला सुरुवात केली होती. आपली पहिली तुकडी १९९२ ची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'आयएनएस ज्योती' या तेलवाहू जहाजावर काही महिला अधिकारी नेमून पाहिल्या, पण तो प्रयोग लवकरच आवरता घेतला.

खरी अडचण मात्र जहाजावरच्या केबिनची नव्हती. या अधिकाऱ्यांची नेमणूक अल्प मुदतीची, म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर होती. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला वीस वर्षं सेवा लागते. म्हणजे चौदा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या उंबरठ्यावर बाई बाहेर, ना बढती ना पेन्शन. हॅना स्नेलचा हिशेब इथे आठवतो. २००८ मध्ये सरकारने कायमस्वरूपी नेमणूक देऊ केली, तीही कायदा, शिक्षण आणि नौका-रचना एवढ्याच शाखांत आणि पुढच्या भरतीपुरतीच. आधीच्या बायका वाऱ्यावर.

त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयात सरकारी बाजूने एक मुद्दा असा मांडला गेला की रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी वेगळी स्नानगृहं नाहीत. गंमत म्हणजे 'ज्योती'ही रशियातच बांधलेली. १७ मार्च २०२० रोजी न्या. चंद्रचूड आणि न्या. रस्तोगी यांच्या खंडपीठाने लेफ्टनंट कमांडर अ‍ॅनी नागराजा यांच्या खटल्यात हे सगळे मुद्दे फेटाळले. समुद्रावर काम करण्यात स्त्रिया पुरुषांइतक्याच सक्षम आहेत, हे कोर्टाने स्वच्छ शब्दांत सांगितलं.

तोवर समुद्रावर त्याचं उत्तर मिळूनही गेलं होतं. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्या बोटीवर स्नानगृहांचा प्रश्न कुणी काढला नाही.

पुढचं मात्र भराभर झालं. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाला शिवांगी ही पहिली महिला वैमानिक मिळाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलींनी पहिल्यांदा दिली, तीही कोर्टाच्या आदेशाने. पहिल्या तुकडीत १९ मुली होत्या आणि त्यांतल्या नौदलाच्या वाट्याच्या फक्त तीन. २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातल्या चिल्का इथून नौदलाच्या अग्निवीर खलाशांची पहिली तुकडी बाहेर पडली. संचलन सूर्यास्तानंतर झालं आणि त्यात २७३ मुली होत्या. तोवर बायकांना अधिकारी होण्याचीच वाट होती, खलाशी होण्याची नव्हती; ती या तुकडीने उघडली. त्याच वर्षअखेरीला 'आयएनएस त्रिंकट' या गस्ती जहाजाची सूत्रं प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आली. युद्धनौकेचं नेतृत्व एका बाईकडे जाण्याची आपल्या नौदलातली ही पहिलीच वेळ. घरच्या त्या प्रश्नाला आता 'हो, राहावं लागते' असं उत्तर देता येतं.