घरी बांधलेल्या गाडीला कागद का मिळत नाही

धुळे-जळगाव पट्ट्यात घरी बांधलेली गाडी चहाच्या टपरीशी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हाई कोनती कंपनीनी गाडी शे, भाऊ?" विचारणारा कौतुकानं विचारतो. परिवहन कार्यालय हाच प्रश्न विचारतं तेव्हा मात्र बांधणाऱ्याकडे उत्तर नसतं. गाडी रस्त्यावर आणताना आणि पुढे ती सोडताना, म्हणजे विकताना किंवा मोडीत काढताना, होणारी सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

सुट्या भागांचा संच घेऊन घरी मोटार जोडण्याची प्रथा जोमात आली ती महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये, आणि तिच्या मुळाशी कर होता. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. अट अशी की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ मध्ये आणलेली 'सेव्हन' ही या वाटेवरची सर्वांत गाजलेली गाडी. नळ्यांची हलकी चौकट, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, दोघांपुरती जागा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि कराची सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तरी छंद टिकला. पुढे १९९० च्या दशकात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि चौकोनी लोखंडी पाइप वापरून त्याच घाटाची गाडी स्वस्तात बांधणारे शेकड्यांनी निघाले. त्यांना सरकारनं दार उघडं ठेवलं होतं, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, धारदार कडा बघितल्या जातात, आणि पास झाली की नंबर मिळतो. गाडीचं वय ठरवता येत नसेल तर क्यू अक्षराची पाटी मिळते, पण मिळते.

आपल्याकडे कारण वेगळं होतं. परवाना राज्यात फियाट आणि ॲम्बॅसेडरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. हातात कसब मात्र होतं. ट्रक नुसत्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, यायचा आणि त्याची बॉडी गावातले सुतार-लोहार चढवायचे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पाटेवाले (गाडीच्या पट्टीच्या स्प्रिंगा म्हणजे पाटे), लेथवाले, रेडिएटरवाले, डेंटर-पेंटर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, यात खानदेशातल्या मिस्त्रीला कधीच नवल वाटलं नाही. महायुद्धानंतर लष्करी जीप लिलावात आल्या, मग महिंद्रानं विलीजच्या सुट्या भागांतून मुंबईत जीप जोडायला घेतल्या. तिचंच पुढचं रूप म्हणजे गावोगावच्या काळ्या-पिवळ्या प्रवासी जीप. त्यांच्या मागच्या बैठका, कॅरिअर, टप हे सगळं स्थानिक काम.

खरी संधी आली ती प्रीमियर पद्मिनी भंगारात पडू लागल्यावर. १०८९ सीसीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणजे सेव्हनच्या घाटाला हवी तशीच मांडणी. पण पद्मिनीचे मागचे पाटे पद्मिनीच्या वजनासाठी बनलेले. हलक्या चौकटीखाली ते वाकतच नाहीत आणि गाडी खड्ड्याखड्ड्यावर उसळते. म्हणून सुधारणा सुरू होते ती पाटे कमी करण्यापासून. दुसरी सुधारणा थंडाव्याची. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि बुटक्या बॉनेटखाली कोंबलेलं रेडिएटर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये उकळतं. जाड रेडिएटर आणि इंजिनच्या पट्ट्यावर न फिरणारा विजेचा पंखा बसवल्याशिवाय इथला उन्हाळा निघत नाही.

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि काही वर्षांनी तीही भंगारवाल्याकडे दिसू लागली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं हा सगळा एकच गठ्ठा. तो उचलून चालकाच्या पाठीमागे बसवला की मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी तयार होते. मात्र स्टिअरिंगचे जुने दांडे चौकटीला पक्के जखडावे लागतात, नाहीतर मागची चाकं आपली आपण वळू पाहतात. हे काम ज्यानं नीट केलं, त्याच्या हातात अभियंत्याची समज आहे असं मी खुशाल म्हणेन.

कायदा याच काळात आवळत गेला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतला नियम १२६ सांगतो की वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा. पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई या त्या संस्था. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे; एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च झेपणं शक्य नाही. दात्या गाडीचं, म्हणजे जिचे भाग घेतले त्या जुन्या गाडीचं, आरसी बुक वापरावं म्हटलं तर तीही वाट बंद. मोटार वाहन कायद्यातल्या, गाडीत बदल करण्याविषयीच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. सुरक्षेची काळजी रास्तच आहे. कच्च्या वेल्डिंगवर माणसं मरतात. पण ब्रिटनसारखी एकेका गाडीची तपासणी आपल्याकडे सुरू व्हायला हवी.

नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि कागद नाहीत म्हणून गाडी रीतसर विकताही येत नाही. सांगली जिल्ह्यात एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात २०२२ मध्ये त्याला नवी बोलेरो दिली. असं भाग्य विरळाच. खानदेशात गाडी सोडायची म्हणजे उलगडायची. इंजिन-गिअरबॉक्सला लगेच गिऱ्हाईक मिळतं, चाकं आणि रेडिएटर गॅरेजवाला नेतो, चौकट किलोच्या भावानं जाते. कुणी अख्खी गाडी मागितलीच आणि ती दात्या गाडीच्या आरसीवर त्याच्या हवाली केली, तर उद्याच्या अपघाताची भरपाई नोंदीत नाव असलेल्या मालकाकडून मागितली जाते. म्हणून उलगडण्याआधी कलम ५५ प्रमाणे जुनी नोंदणी रद्द करून घेणं सर्वांत आधीचं काम.