चड्डीवरचा रक्ताचा डाग: मुलींमधील मूत्रमार्गभ्रंशाची पार्श्वभूमी

चार-पाच वर्षांच्या मुलीच्या चड्डीवर रक्ताचा डाग दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. इतक्या लवकर पाळी आली का? कुणी काही केलं तर नाही ना? शूच्या वाटेचं आतलं नाजूक अस्तर उलटून बाहेर आलं असेल आणि रक्त तिथून येत असेल, ही शक्यता सहसा कुणाच्या मनात येत नाही. याला मूत्रमार्गभ्रंश म्हणतात. आजार विरळा आहे, पण नवा नाही. वैद्यकीय लेखनात त्याची पहिली नोंद सोलिंगेन या डच शल्यवैद्याच्या नावावर, १७३२ सालची, दाखवली जाते.

असं का होतं, याचं पटण्याजोगं उत्तर मात्र १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातून पुढे आलं. मूत्रमार्गाच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला उभा आणि बाहेरचा गोलाकार. त्यांची एकमेकांवरची पकड जन्मतः सैल असेल, तर खोकल्याची उबळ किंवा शौचाला कुंथणं एवढ्यानेही अस्तर बाहेर सरकतं. पाळी सुरू होण्याआधी आणि ती थांबल्यानंतर शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असतं. हा आजार वयाच्या या दोन टोकांनाच जास्त दिसतो, त्याचं हेही एक कारण मानलं जातं.

निदानाला खरं तर नीट पाहणंच पुरतं. लालसर किंवा जांभळट, मेदूवड्यासारखी गोल सूज आणि तिच्या बरोबर मधोमध छिद्र. शू त्या छिद्रातूनच येते; योनीमार्ग त्याच्या खाली वेगळा दिसतो. द्राक्षाच्या घोसासारखी गाठ दिसली तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. मूत्रवाहिनीच्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात शू आणणाऱ्या नळीच्या, टोकाचा फुगा बाहेर आला असेल तर छिद्र मधोमध दिसत नाही; तिथे सोनोग्राफी लागते.

तरीही चुका झाल्या, आणि फार वेदनादायी झाल्या. या सुजेला लैंगिक अत्याचाराची खूण समजण्याचा गोंधळ कसा होतो, हे १९९१ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने मांडलं. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याने संशय आल्यास कळवणं बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण म्हणूनच पहिली तपासणी घाई न करता, आई जवळ असताना, मुलीला न घाबरवता व्हायला हवी. उलट बाजूही तितकीच खरी: भ्रंश सापडला म्हणजे अत्याचार झालाच नाही, असं त्यावरून ठरत नाही. मुलीचं बोलणं वेगळं ऐकावंच लागतं.

उपचारांत पूर्वी मूत्रमार्गात नळी घालून सुजेभोवती दोरा आवळत आणि ते मांस गळून पडायची वाट पाहत. दुखणं बरेच दिवस चाले, जंतुसंसर्ग होई. ती पद्धत मागे पडली. आता सौम्य आजारात कोमट पाण्यात बसवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, ठरावीक आठवडेच इस्ट्रोजेनचं मलम लावणं, यापासून सुरुवात करतात. अस्तर काळं पडलं, शू अडली किंवा त्रास परत परत उद्भवला, तर भूल देऊन जादा अस्तर कापतात आणि कडा टाक्यांनी शिवतात. यात क्वचित मूत्रमार्गाचं तोंड पुढे अरुंद होतं, म्हणून नंतर शूची धार कशी आहे ते पाहत राहावं लागतं. आणि बद्धकोष्ठ वा जुना खोकला असेल तर त्याचा इलाज पहिल्या दिवसापासून, कारण अस्तराला बाहेर ढकलणारा जोर तिथूनच येत असतो.