दोन डिस्कपैकी खरी आजारी कोणती?

ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. पाऊस लागला की बांध्यांमध्ये बाया ओळीने वाकून पऱ्हे लावतात, आणि लावता लावता गातात. गेली अकरा वर्षं मी ही रोवणीची गाणी रेकॉर्ड करतो आहे. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत, तेव्हा गेलेलं गाणं पुन्हा मिळणार नाही. म्हणून लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन-दोन टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क बसवून मी त्यांची 'मिरर' जोडी केली होती. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी आहे, या भरवशावर मी निर्धास्त होतो.

या मांडणीला 'रेड-१' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका शोधनिबंधात, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात अशी कल्पना मांडली आणि तिच्या पाच पायऱ्या सांगितल्या. मिरर ही त्यातली पहिली. समजायला ती सर्वांत सोपी, आणि तिचा एक दोषही या सोपेपणातच आहे. एक डिस्क गळून पडली तरी कॉम्प्युटर काहीच न झाल्यासारखा उरलेल्या एकीवर चालत राहतो. मुद्दाम सूचना लावून ठेवली नसेल, तर मालकाला पत्ताही लागत नाही. मी ती लावली नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक जुनी फाइल उघडेना. डिस्कमधून थांबून थांबून कट-कट आवाज येत होता. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, गाणे गेले का जी?" त्यांच्या सासूबाईंचा आवाज त्याच डिस्कवर होता.

लिनक्सला जोडीची अवस्था विचारली की चौकटी कंसात उत्तर येतं. दोन्ही डिस्क ठीक असतील तर इंग्रजी 'यू' दोनदा दिसतो, एक गेली की तिच्या जागी खाली रेघ येते. मला रेघ दिसली. नोंदी चाळल्या तर एक डिस्क फेब्रुवारीतच जोडीतून बाहेर पडली होती. तीन महिने माझा सगळा संग्रह एकाच डिस्कवर उभा होता.

अशा वेळी हात आपोआप एका कामाकडे जातो. बाहेर पडलेली डिस्क परत जोडायची आणि पुनर्बांधणी सुरू करायची. मीही तेच करणार होतो. पण जोडायची म्हणजे चांगलीवरून वाईटवर सगळं उतरवायचं, आणि चांगली कोणती हे मी अजून तपासलंच नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि लेबलवरचे अनुक्रमांक कागदावर उतरवले. प्रणालीत दिसणारं नाव कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतं, लेबलवरचा अनुक्रमांक बदलत नाही. ही पाच मिनिटं मी दरवेळी देईन.

मग प्रत्येक डिस्कची स्वतःची प्रकृती विचारली. हार्ड डिस्क आपल्या चुका मोजत असते, त्या मोजणीला 'स्मार्ट' म्हणतात. डिस्कची चकती आमच्या शेतासारखी समजा. तिचे छोटे-छोटे तुकडे म्हणजे सेक्टर, जणू धुऱ्यांनी आखलेल्या बांध्या. काही बांध्या राखीव असतात. एखादी बांधी नापीक निघाली की डिस्क तिच्या बदल्यात राखीव बांधी वापरायला घेते आणि 'रिअलोकेटेड सेक्टर' या पाचव्या क्रमांकाच्या नोंदीत आकडा वाढवते. नोंद क्रमांक १९७ आहे 'करंट पेंडिंग सेक्टर'. या बांधीतून आज काही वाचता येत नाही, पण ती मेली असंही अजून ठरलेलं नाही. तिसरी कामाची नोंद १९९, 'सीआरसी एरर'. हिचा चकतीशी संबंध नाही. डिस्क आणि मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, यांच्यामधल्या केबलमधून जाताना डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, आणि केबल बदलली तरी तो पुन्हा शून्यावर येत नाही. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो अजून वाढतो आहे का, हे पाहायचं.

फेब्रुवारीत बाहेर पडलेल्या डिस्कमध्ये पाचवी नोंद शून्य होती, १९७ शून्य होती, १९९ मात्र शेकड्यांत गेली होती. केबल उपसून उजेडात धरली तर टोकाच्या पिनेवरचा पत्र्याचा खटका तुटलेला. थोडा धक्का लागला तरी पिन तिरपी व्हायची. डिस्क ठणठणीत होती आणि तिला तारेने बाहेर काढलं होतं.

उरलेल्या डिस्कवर मी तीन महिने विसंबलो होतो. तिच्या १९७ क्रमांकासमोर २३ हा आकडा होता.

उन्हाला दोष द्यावा असं मलाही वाटलं. ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि डिस्क ५८ अंशांवर होती. बहुतेक घरगुती डिस्कना ६० अंशांची मर्यादा दिलेली असते. पण गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट दिसला नाही. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट ठळक होती. चकतीच्या तपासणीत पहिली चूक सापडली की ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते. माझ्या डिस्कवर अशा जागा तेवीस होत्या.

आता नेहमीची पुनर्बांधणी केली असती तर काय झालं असतं पाहा. आजारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली गेली असती आणि चांगल्या डिस्कवर तिचं लिखाण उतरलं असतं. वाटेत वाचता न येणारी जागा लागली की काम अडतं. त्यातच आजारी डिस्क मेली असती, तर चांगलीही अर्धी जुनी, अर्धी नवी अशी होऊन बसली असती. मिररमध्ये असताना ही अडचण येत नाही. एका डिस्कचा सेक्टर वाचता आला नाही तर लिनक्स दुसरीवरून वाचतो आणि पहिलीवर तो भाग नव्याने लिहितो. जोडीदारच नसेल तर ती सोय संपते.

चंद्रपूरहून चार टेराबाइटची नवी डिस्क मागवली. बदली डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी, काही सेक्टरनी जरी लहान असेल तरी जोडीत बसत नाही. मग जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम वापरला. साधी नकल करणारा प्रोग्राम वाईट जागेशी अडून राहतो, तसा हा राहत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, वाईट जागा सोडून पुढे जातो, मग मागे फिरून त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठलं मिळालं, कुठलं नाही, याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे लाइन गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज पडतो, म्हणून रात्री अकरानंतर इन्व्हर्टरवर सुरुवात केली. कूलरची ओली हवा नको म्हणून डिस्कसमोर साधा टेबल फॅन ठेवला. सेकंदाला १३० मेगाबाइट धरले तर दोन टेराबाइटना सव्वाचार तास लागतात. मला सकाळचे आठ वाजले.

शेवटी सात सेक्टर हट्टाने उरले. ४,०९६ बाइटचा एक, म्हणजे सगळे मिळून २८,६७२ बाइट. सीडीच्या दर्जाच्या आवाजात हा सेकंदाचा सहावा भागसुद्धा नाही. पण हेच सेक्टर फाइलींच्या यादीचे असते तर अख्खा फोल्डर गेला असता.

आणि इथे ती फेब्रुवारीतली डिस्क कामाला आली. दोन्ही डिस्कचे भाग एकाच वेळी, एकाच मापाने पाडलेले होते, म्हणून जो सेक्टर एकीवर ज्या जागी, तोच दुसरीवर त्याच जागी. डीडीरेस्क्यूला तोच नकाशा दिला, फक्त वाचायची डिस्क बदलली. त्याने नकाशात रिकाम्या राहिलेल्या सात जागा तेवढ्या जुन्या डिस्कवरून उचलून नव्या डिस्कवर बसवल्या. याला एक अट आहे. त्या जागांवर फेब्रुवारीनंतर काही लिहिलेलं नसावं, नाहीतर जुना मजकूर नव्यात मिसळतो. ते सातही सेक्टर आठ वर्षांपूर्वीच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये पडत होते. त्यांना मी नंतर हात लावलेला नव्हता.

आजारी डिस्क काढून ठेवली. नव्या डिस्कवर फाइल प्रणालीची, म्हणजे फाइलींच्या यादीची आणि मांडणीची, तपासणी आधी काही न लिहिता, नुसती वाचून केली. मग ती दोन रेकॉर्डिंग हेडफोन लावून पूर्ण ऐकली, एकदा मी आणि एकदा काकूंनी. रेकॉर्डिंगच्या दिवशी पाऊस भुरभुर पडत होता, आवाजात थेंबांची टपटप आहे. सासूबाईंची ओळ कुठेही तुटत नाही.

सगळं ऐकून झाल्यावरच जुनी चांगली डिस्क नव्या केबलने जोडली आणि पुनर्बांधणीला लावली. दोन्ही 'यू' परत आले. आता जोडीत बिघाड झाला की मोबाइलवर ईमेल येतो. तो खरंच येतो का हे पाहायला मी एक खोटी सूचना पाठवून बघितली. महिन्यातून एका रविवारी दोन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचून ताडून पाहिल्या जातात.

चुकून फाइल पुसली तर मिरर ती दोन्हीकडून इमानदारीने पुसतो, म्हणून तिसरी प्रत जोडीच्या बाहेर हवी. ती एका पोर्टेबल डिस्कवर आरमोरीला ताईकडे असते. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि रोवणी संपल्यावर, मी ती आणतो, नवी गाणी भरतो आणि एसटीने परत नेऊन देतो.