कोलंबिया विद्यापीठातील दोन सर्बियन प्राध्यापक

परदेशात नाव काढलेल्या सर्बियन शास्त्रज्ञांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी निकोला टेस्लापाशीच थांबते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पिढ्या घडवल्या त्या मात्र त्यांचे समकालीन भौतिकशास्त्रज्ञ मिहाइलो पुपिन यांनी. आज सर्बियात आणि त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेल्या इदव्होर या गावचे पुपिन १८७४ मध्ये अमेरिकेत आले, पडेल ते काम करीत कोलंबियात शिकले आणि बर्लिनहून डॉक्टरेट मिळवून १८८९ पासून तिथेच शिकवू लागले.

इदव्होरची मुले रात्री गुरे राखताना जमिनीत सुरा खुपसून त्याच्या मुठीवर ठोके देत आणि दूरचे सोबती जमिनीला कान लावून ते ऐकत. कुरणाच्या टणक जमिनीतून आवाज लांब जाई, नांगरलेल्या रानात तो लगेच विरे, अशी आठवण पुपिन यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे.

दूरध्वनीच्या केबलमध्येही आवाज असाच विरत असे. लगतच्या दोन तारांमध्ये विद्युतभार साठतो, त्यामुळे बोलण्यातील उच्च वारंवारतेचे भाग अधिक क्षीण होतात आणि शब्द अस्पष्ट येतात. तारेची प्रवर्तकता, म्हणजे विद्युतप्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, वाढवल्यास हा दोष कमी होईल, हे इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी आधीच दाखवले होते. पण ती वाढवायची कशी? त्यासाठी ठरावीक अंतरावर कॉइली (तारेची वेटोळी) बसवाव्यात आणि हे अंतर तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असावे, म्हणजे सुट्या कॉइलींचा परिणाम सलग तारेसारखा होतो, हे पुपिन यांनी गणिताने सिद्ध केले. १९०० मध्ये मिळालेले त्यांचे पेटंट एटी अँड टी या अमेरिकन दूरध्वनी कंपनीने विकत घेतले. त्याच कंपनीतील जॉर्ज कॅम्पबेलही स्वतंत्रपणे याच उपायापर्यंत पोहोचले होते, तेव्हा सगळे श्रेय एकट्या पुपिन यांच्या पदरात टाकणे मला रास्त वाटत नाही. या कॉइली बोलण्यापलीकडच्या उच्च वारंवारता अडवतात. म्हणूनच पुढे दूरध्वनीच्या तारेवरूनच, पण उच्च वारंवारतांवर चालणाऱ्या डीएसएल इंटरनेटसाठी त्या तारांवरून काढाव्या लागल्या.

दुसऱ्या प्राध्यापक म्हणजे त्याच विद्यापीठात प्रयोगशाळेत ऊती वाढवण्यावर संशोधन करणाऱ्या गोर्दाना वुन्याक-नोवाकोविच. त्या सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकल्या. प्रयोगशाळेत हाड वाढवताना पेशी मिळवण्याइतकेच त्या पेशींना आतपर्यंत प्राणवायू पोहोचवणे अवघड असते, कारण केशवाहिनीपासून (सर्वांत बारीक रक्तवाहिनीपासून) मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे तो पुरेसा झिरपत नाही आणि जाड ऊतीच्या गाभ्यातील पेशी मरतात. त्यांच्या गटाने पेशी काढून टाकलेल्या हाडाचा सांगाडा जबड्याच्या सांध्याच्या हुबेहूब आकारात कोरला, त्यात अस्थिमज्जेतील मूळपेशी (ज्यांपासून हाडाच्या पेशी तयार होऊ शकतात) रुजवल्या आणि त्याच आकाराच्या बंदिस्त कुपीत पोषकद्रव सांगाड्याच्या छिद्रांमधून सतत वाहता ठेवला. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डुकरांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेली अशी हाडे त्यांच्याच जबड्यात बसवण्यात आली. सहा महिन्यांनी ती आसपासच्या हाडाशी एकजीव झाली होती आणि पेशींविना बसवलेल्या सांगाड्यांपेक्षा त्यांच्यात रक्तवाहिन्याही अधिक शिरल्या होत्या.