प्रकाशाच्या स्पंदांवर सोडवलेली नेटवर्कची गणितं : पार्श्वभूमी

'क्वांटम यंत्राने मोबाइल नेटवर्कचं कोडं सोडवलं' अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यांच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा हाती लागतं ते चुंबकांसाठी शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं आयझिंग मॉडेल. 1920 मध्ये जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी ते सुचवलं आणि आपल्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी दिलं. एका ओळीत मांडलेल्या स्पिनमध्ये, म्हणजे वर किंवा खाली अशा दोनच दिशा घेणाऱ्या सूक्ष्म चुंबकांमध्ये, आपोआप चुंबकत्व उमटत नाही, एवढंच त्या विद्यार्थ्याला 1924 साली दाखवता आलं, पण मॉडेलला नाव लागलं ते त्याचंच. द्विमितीतलं अचूक उत्तर 1944 मध्ये मिळालं. मधली काही दशकं इथे सोडून देतो, कारण नेटवर्कशी धागा जुळतो तो 1980 नंतर.

1982 मध्ये सिद्ध झालं, की उलटसुलट जोडण्या (काही जोड्यांना एकाच दिशेला, काहींना विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या) असलेल्या स्पिनची सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी शोधणं हा गणनाशास्त्रातल्या सर्वांत अवघड वर्गातला प्रश्न आहे. याची दुसरी बाजू जास्त कामाची ठरली. असंख्य अवघड प्रश्न आयझिंगच्या भाषेत लिहिता येतात, मग त्या भाषेपुरतं एक चांगलं यंत्र बनवलं तरी पुरे. 1983 मध्ये तापलेला धातू सावकाश थंड करण्याच्या कल्पनेवरून संगणकासाठी एक पद्धत आली. उष्णतेच्या जागी क्वांटम टनेलिंग (अडथळा न चढता त्यातून आरपार जाणं) वापरता येईल का, याचा विचार 1989 मध्ये कोलकात्यातल्या सैद्धांतिक भौतिकीच्या एका गटाने मांडला होता. ही नोंद आपल्याकडेही फारशी कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम इथे. 1998 मध्ये जपानमध्ये या 'क्वांटम अ‍ॅनिलिंग'ला नीटस रूप मिळालं, आणि 2011 मध्ये एका कॅनेडियन कंपनीने 128 क्युबिटचं (क्युबिट म्हणजे क्वांटम यंत्रातला बिट) यंत्र बाजारात आणलं.

वायरलेसवाल्यांना यात रस का वाटावा, हे वाय-फायच्या उदाहरणावरून चटकन कळतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11. एका इमारतीत 20 राऊटर असतील तर वाटपाचे पर्याय होतात सुमारे 349 कोटी. आयझिंगच्या भाषेत आणताना प्रत्येक राऊटरला तीन स्पिन द्यावे लागतात, प्रत्येक चॅनेलसाठी एक, म्हणजे एकूण 60. शेजारच्या दोन राऊटरना एकच चॅनेल आलं तर ऊर्जा वाढते. शिवाय 'तीनपैकी एकच स्पिन वर' अशी अट दंडाच्या रूपाने घालावी लागते. हा दंड हलका ठेवला तर यंत्र एका राऊटरला दोन-दोन चॅनेल देऊन मोकळं होतं; जड ठेवला तर ते फक्त अट पाळण्यात गुंतून पडतं आणि आपसातल्या गोंगाटाकडे त्याचं लक्षच राहत नाही. ज्याने ही मांडणी एकदा स्वतः करून पाहिली आहे, त्याला निम्मी मेहनत इथेच जाते हे ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न टॉवरवरचा. अनेक फोन एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि अनेक अँटेनांवर आलेल्या मिश्रणातून कोणी काय पाठवलं हे वेगळं काढायचं असतं. 60 जणांनी प्रत्येकी एकच बिट पाठवला तरी शक्यता 2 चा 60 वा घात, म्हणजे 1 वर 18 शून्यं यापेक्षाही जास्त. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हा प्रश्न 2000 क्युबिटच्या अ‍ॅनिलरवर, म्हणजे क्वांटम अ‍ॅनिलिंगच्या यंत्रावर, चालवून दाखवला. अडचण जोडण्यांची होती. टॉवरवर प्रत्येक फोनचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक फोनच्या सिग्नलमध्ये मिसळतो, पण त्या चिपवर एक क्युबिट जास्तीत जास्त सहा क्युबिटना जोडलेला. सगळ्यांशी सगळे जोडलेले 60 स्पिन हवेत तर एका स्पिनसाठी 16 क्युबिटची साखळी लागते. एकूण झाले 960.

नेमकं इथेच क्वांटम ऑप्टिक्सचं यंत्र पुढे आलं : कोहेरंट आयझिंग मशीन. फायबरच्या कड्यात प्रकाशाचे स्पंद फिरत राहतात. एक खास स्फटिक त्यांना बळ देतो, पण अशा रीतीने की बळाने ठराविक उंबरठा ओलांडल्यावर स्पंदाची फेज (तरंग चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) दोनच किमती घेऊ शकते, 0 किंवा 180 अंश. हाच स्पिन. बळ हळूहळू वाढवत न्यायचं. ज्या मांडणीत प्रकाशाचा तोटा (इथे तोच आयझिंगच्या ऊर्जेच्या जागी) सर्वांत कमी, ती आधी तेवायला लागते आणि तीच उत्तर म्हणून वाचायची. प्रत्यक्षात दर वेळी सर्वोत्तम मांडणी मिळत नाही, पण चांगली मिळते.

2014 च्या प्रयोगात स्पंद होते चार, आणि त्यांची एकमेकांशी गाठ प्रकाशानेच घातली होती. एका स्पंदाचा थोडा भाग वेगळ्या फायबरमधून उशिरा आणून दुसऱ्यात मिसळायचा. हीच युक्ती 2000 स्पंदांसाठी करायची तर असे 1999 वळसे लागतील आणि प्रत्येकाची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एका अंशाइतकी स्थिर ठेवावी लागेल. म्हणून एक निर्णय घेतला गेला, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला. स्पंदाचा थोडा भाग मोजायचा, जोडण्यांचा गुणाकार इलेक्ट्रॉनिक चिपवर करायचा आणि आलेल्या उत्तराप्रमाणे नवा प्रकाश कड्यात सोडायचा. 2016 मध्ये कॅलिफोर्नियात 100 आणि जपानमध्ये 2000 स्पंदांची यंत्रं याच पद्धतीने उभी राहिली. जपानच्या यंत्रातलं कडं 1 किलोमीटरचं होतं. स्पंदांची एक फेरी साधारण 5 मायक्रोसेकंदांची, आणि तेवढ्यात चिपला 40 लाख खान्यांचा तक्ता हिशेबात घ्यायचा.

नोव्हेंबर 2017 मध्ये हे यंत्र इंटरनेटवरून सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा त्याच्या नावात 'क्वांटम' होतं, आणि जपानी वृत्तपत्रांत ते 'देशी क्वांटम संगणक' म्हणून झळकलं. त्यावर तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक फेरीत मोजमाप होतं, प्रकाश मोठ्या प्रमाणात वाया जातो, आणि स्पंदांना जोडणारा गुणाकार साध्या चिपवर चालतो, मग क्वांटम उरलं कुठे? बाजू मांडणाऱ्यांचा भर उंबरठ्याखालच्या अवस्थेवर होता. तिथे स्पंद 'स्क्वीझ्ड' असतो, म्हणजे त्याच्या एका अंगाची अनिश्चितता निर्वात अवकाशापेक्षाही कमी झालेली असते, आणि उत्तराच्या शोधाची सुरुवात या अनिश्चिततेच्या गोंगाटातूनच होते. स्क्वीझ्ड प्रकाश खराच क्वांटम आहे, याबद्दल दुमत नाही. तो अमेरिकेतल्या गुरुत्वलहरींच्या शोधयंत्रांमध्ये 2019 पासून वापरात आहे, आणि त्याच कुळातलं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. पण सुरुवातीचा गोंगाट क्वांटम असणं वेगळं आणि त्यामुळे उत्तर लवकर मिळणं वेगळं. हे दुसरं दाखवलं गेलं नव्हतं. अखेर त्या यंत्राला 'क्वांटम संगणक' म्हणणं अधिकृत पातळीवर थांबलं.

मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि तो घेणाऱ्यांबद्दल आदरही वाटतो. सरकारी पैशावर चाललेल्या कार्यक्रमाने जाहीर केलेलं नाव मागे घेणं सोपं नसतं. मात्र त्या गदारोळात यंत्राचं खरं कर्तृत्व झाकलं गेलं. मे 2019 मध्ये दोन्ही प्रकारच्या यंत्रांची तुलना प्रसिद्ध झाली. दाट जोडण्यांच्या प्रश्नांत अ‍ॅनिलरचं यश स्पिनची संख्या वाढताच कोसळत होतं, प्रकाशाच्या यंत्राचं खूप सावकाश उतरत होतं. कारण साधं होतं, कोणताही स्पंद कोणत्याही स्पंदाशी जोडता येत होता. वायरलेसला हवं होतं ते नेमकं हेच, मग त्याला क्वांटम म्हणा किंवा म्हणू नका.

त्याच वर्षी एक वेगळीच गोष्ट घडली. क्वांटम दोलकांच्या सिद्धांतातून निघालेली काही समीकरणं क्वांटम भाग वगळून साध्या चिपवर चालवण्यात आली. 2000 स्पिनचा प्रश्न अर्ध्या मिलिसेकंदात सुटला. प्रकाशाच्या यंत्राला तेवढ्याच दर्जाच्या उत्तरासाठी दहापट वेळ लागला होता.

2021 पर्यंत फायबर 5 किलोमीटर आणि स्पंद 1 लाख झाले. त्याच सुमारास दाट वस्तीतल्या वाय-फायच्या चॅनेलवाटपासाठी या यंत्राचा वापर कागदावर आला. हे काम त्याला झेपणारं आहे, कारण वाटप काही मिनिटांनी बदललं तरी चालतं. टॉवरवरच्या उलगड्याचं तसं नाही. 4जी मध्ये फोनने पाठवलेला तुकडा पोहोचला की नाही हे सुमारे 3 मिलिसेकंदांत ठरवून उलट कळवावं लागतं, आणि 5जी मध्ये ही मुदत आणखी आखडली आहे. 5 मायक्रोसेकंदांच्या शेकडो फेऱ्या, त्याआधी दर वेळी नव्याने भरायचा जोडण्यांचा तक्ता आणि शेवटी उत्तर वाचणं, हे सगळं त्या मुदतीत बसवायचं आहे.